चालू, बंद आणि गोल फिरतंय

आमच्या बीड जिल्ह्यात ‘लोड’ या शब्दावर आधीच फार लोड आहे. बैठकीत गादीवर पाठ टेकायला असतो तो लोड. वीज जाते ती लोडशेडिंगनं. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत ऊस इतका कोंबतात की चढाला पुढची चाकं नमस्काराला उठतात, तो ओव्हरलोड. आणि यातलं काहीही अंगावर आलं, तर शेजारचा माणूस तंबाखू मळत सांगणार, ‘लोड नको घेऊ.’ अशा मुलखातून पुण्याला जाऊन मी लोड टेस्टिंगची नोकरी धरली, तेव्हा घरच्यांनी आपापल्या वकुबानं अर्थ लावला. आईला वाटलं, पोरगं गाद्या-तक्क्यांच्या कारखान्यात लागलं. वडिलांना वाटलं, वीज मंडळात चिकटलं. फक्त दाजींनी नीट चौकशी केली.

“म्हंजी दुसऱ्याचं सॉफ्टवेअर मुद्दाम पाडायचं आन् त्याचा पगार घ्यायचा?”

“तसंच समजा दाजी.”

“मग हे काम तर मपल्या सेंटरवर लोकं फुकट करत्यात.”

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटोदा तालुक्यातल्या एका गावात ते ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवतात. मेहुण्याची फिरकी घेणं हा दाजींचा जन्मसिद्ध हक्क असल्यामुळं मी ते वाक्य हसण्यावारी नेलं. माझ्या धंद्याची त्याहून नेमकी व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही, हे कळायला मला नऊ वर्षं लागली.

काम असं असतं. एखादी वेबसाइट लोकांसमोर यायच्या आधी तिच्यावर खोटी गर्दी सोडायची. जेमीटर नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे, त्यात आकडा टाकायचा : पाचशे. लगेच पाचशे आभासी माणसं रांगेत उभी. ती लॉग-इन करतात, फॉर्म भरतात, जमा करतात, निघून जातात. कुणी खोकत नाही, कुणाच्या कडेवर पोर नाही, कुणी ‘जरा हे वाचून दाखव’ म्हणत नाही. दोन पायऱ्यांच्या मध्ये ती पाच सेकंद थांबतात. या थांबण्याला आमच्यात ‘थिंक टाइम’ म्हणतात. ज्यांना डोकंच नाही त्यांना विचार करायला पाच सेकंद, म्हणजे तसे आम्ही दिलदार.

मग अहवाल निघतो. माझा शेवटचा गाजलेला अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा होता. सगळीकडं हिरवं, पोळ्यानंतरच्या रानासारखं. सरासरी प्रतिसाद १.८ सेकंद. खाली माझी सही.

पुढं ते सॉफ्टवेअर ‘लाइव्ह’ जातं आणि आमचा संबंध सुटतो, सासरी गेलेल्या मुलीशीही कुणी इतक्या झटक्यात तोडत नसेल. लाइव्हवर नजर ठेवायला वेगळी मंडळी आहेत, मॉनिटरिंगवाली. ती पाचव्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. त्यांच्याकडं भिंतभर पडदा, त्यावर रेघा नाचत असतात. चौथ्या मजल्यावर कँटीन. तिथं रोज भेट व्हायची, पण कँटीनमध्ये कामाचं बोलणं हे आमच्याकडं ताटाला पाय लावण्यासारखं. त्यातून भाषा निराळ्या. ज्या पानाला आम्ही ‘व्यवहार क्रमांक ७’ म्हणायचो, त्याला ते दीड ओळीच्या पत्त्यानं ओळखायचे. आम्ही माणसाला किती सेकंद लागले ते मोजायचो, ते प्रोसेसर किती तापला ते मोजायचे. म्हणजे आम्ही वधू पाहून पसंती कळवायची, त्यांनी संसारातली भांडणं मोजायची, आणि दोघांच्या वहीत मुलीचं नावच वेगळं!

आमच्या आत्याला एकदा हे सगळं समजावून सांगत होतो. तिला सरासरी काही पटेना. ती म्हणाली, “लग्नात पहिल्या पंगतीला चार-चार लाडू वाढलेव आन् शेवटच्या पंगतीला नुसता भात, तर तुपली सरासरी काय म्हणती?”

“माणशी दोन लाडू.”

“आन् गावात बोलबाला कशाचा हुतो?”

शेवटच्या पंगतीचा. आमच्या शास्त्रातही हेच सांगितलंय. सरासरीकडं पाहू नका, शंभरातले पंच्याण्णव लोक किती सेकंदांच्या आत सुटले ते पाहा. आणि जमलं तर त्या उरलेल्या पाचांकडंही, कारण गावभर बोलणारे तेच असतात. आत्याला हे लाडवांवरून कळलं, मला त्यासाठी कंपनीनं प्रशिक्षणाला पाठवलं होतं.

आत्याच्या वाड्यातलं कार्य करणारा आचारी तर त्याहून पुढचा. त्याला ‘किती पत्रिका छापल्या?’ यात रस नसतो. तो विचारतो, ‘आवतण घरटी एक की चूलबंद?’ चूलबंद म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायचीच नाही. म्हातारं, पोरं, आलेला पाव्हणा, सगळे मांडवात. आणि मग त्याचा हुकमी प्रश्न : ‘ह्या घरच्या मागच्या कार्याला तांदूळ किती लागला हुता?’ मागच्या खऱ्या लग्नाचा हिशेब घेतल्याशिवाय तो पुढच्या लग्नाचं पातेलं चुलीवर चढवत नाही. आमच्या कंपनीत मागच्या लग्नाचा हिशेब पाचव्या मजल्यावर, पातेलं तिसऱ्या मजल्यावर.

हे मला कळलं ते सुट्टीत, पावसाळ्यातल्या एका महिनाअखेरीला. बहिणीकडं गेलो होतो. दाजींच्या सेंटरबाहेर चपलांचा ढीग पाहून वाटलं, आत कीर्तन असावं. आत कसल्याशा फॉर्मची शेवटची तारीख होती. कसला फॉर्म, कुणाचं पोर्टल, ते विचारू नका. मी खुर्ची ओढून बसलो आणि माझ्या पाचशे आभासी माणसांचे खरे भाऊबंद पहिल्यांदा पाहिले.

पहिल्या आजीबाई. बोटाचा ठसा उठेना. चाळीस हंगाम ऊस तोडला त्यांनी, कोयत्यानं रेषा पार झिजवून टाकलेल्या. दाजींनी त्यांचं बोट पुसलं, तेल लावलं, परत पुसलं, पाचव्या वेळेला यंत्राला दया आली. मग ओटीपी. तो मोबाइल पोराजवळ, पोरगं भोसरीच्या कंपनीत, आणि शिफ्ट संपेपर्यंत फोन लॉकरमध्ये. आजी म्हणाल्या, “चारला सुटतंय त्ये. मी बसते.” तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. मी ठरवलेला थिंक टाइम पाच सेकंद. आजींचा साडेपाच तास. आणि पोर्टल दहा मिनिटांनी हाकलून देणार.

दुसऱ्या गृहस्थांच्या सातबाऱ्याचा फोटो जोडायचा होता. नव्या मोबाइलनं काढलेला, भलामोठा, वर कोपऱ्यात त्यांचा अंगठा आणि खाली बैलाचं शिंग. आमच्या चाचणीत आम्ही जो कागद जोडत होतो तो कोरा होता, पांढराशुभ्र, एवढासा. त्याला पोचायला असा कितीसा वेळ लागणार! शिवाय आमच्या पाचशेही माणसांचं नाव एकच, ‘टेस्ट युजर’, गाव ‘एबीसी’. दुसऱ्याच वेळी सर्व्हर म्हणत असणार, या की, मघाशीच तर येऊन गेलात. आणि तयार उत्तर पुढं सरकवत असणार. इथं मात्र रांगेतल्या प्रत्येकाचं नाव वेगळं, गट नंबर वेगळा, आणि आधार कार्डावरच्या स्पेलिंगची तऱ्हा तर घराघरात वेगळी.

दाजी स्वतः काय करत होते ते सांगायलाच हवं. एकच फॉर्म त्यांनी कॉम्प्युटरवर चार ठिकाणी उघडला होता, शिवाय दोन मोबाइलवर. “कुठं तरी लागंलच की!” कीबोर्डवरचं रिफ्रेशच्या बटणावरचं अक्षर पुसून गेलं होतं. म्हणजे माणूस एक, आणि सर्व्हरच्या दारावर थापा सहा. सर्व्हर दमला की थापा वाढायच्या, थापा वाढल्या की तो आणखी दमायचा. आमची आभासी माणसं याच्या अगदी उलट. पहिलं उत्तर आल्याशिवाय ती दुसरा प्रश्न विचारत नाहीत. सर्व्हर संथ झाला की तीही आपसूक संथ होतात. आचारी दमलेला पाहून पंगतीनं स्वतःहून एक-एक पुरी कमी खावी, तसं. अशी पंगत मी बीड जिल्ह्यात कधी पाहिलेली नाही, आणि चाचणी मात्र नऊ वर्षं याच पंगतीवर केली.

“दाजी, हे रोजच असं?”

दाजींनी खणातून दोनशे पानी वही काढली. रोजच्या तारखा, वेळा, आणि पुढं शेरा. शेरे तीनच प्रकारचे : ‘चालू’, ‘बंद’ आणि ‘गोल फिरतंय’. सगळ्यात जास्त गोल फिरतंय. आमच्या पाचव्या मजल्यावरच्या लाखो रुपयांच्या पडद्याला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. ही मधली तिसरी अवस्था, जिच्यात निम्मा तालुका आयुष्य काढतो, ती फक्त त्या वहीत होती.

“आन् भाऊ, हे बगा,” दाजींनी एका पोर्टलच्या पानावर बोट ठेवलं. “हे तर कामातनं गेलंय. बनवणाऱ्यानं एकदा बी चालवून बघितलं नसंल.”

पोर्टल ओळखीचं निघालं. चौऱ्याऐंशी पानं, सगळं हिरवं, खाली सही. नाव सांगायची सोय नाही. मी म्हटलं, “व्हय, नसंलच बघितलं,” आणि आजीबाईंसाठी चहा सांगायला म्हणून बाहेर पडलो.

दुःख हलकं करायला माणूस मोठ्यांची दुःखं आठवतो. अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१३ला आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट उघडली. पहिल्या दिवशी किती जणांची नोंदणी पूर्ण झाली? सहा. सहा हजार नव्हे, सहा. आमच्या गल्लीत याहून जास्त माणसं पत्ते कुटायला जमतात. आधीच्या चाचणीत काहीशे लोकांच्या खोट्या गर्दीनंच ती कोलमडली होती, तरी मुहूर्त चुकवायचा नाही म्हणून उघडली. पण मला खरी मौज वाटते ती पुढचीच. तिला सावरायला जाणकारांची तुकडी आली आणि पाहते तो काय, साइटची तब्येत एका जागी दाखवणारा पडदाच कुणी लावलेला नव्हता. साइट बंद पडल्याचं कधीकधी टीव्हीवरच्या बातम्यांतून कळायचं. त्यांनी सगळ्यात आधी तो पडदा लावला. म्हणजे तिकडं एक दोनशे पानी वही कमी पडली.

आपल्याकडं २८ एप्रिल २०२१ला अठरा वर्षांवरच्यांसाठी लशीची नोंदणी दुपारी चारला उघडली, आणि सुरुवातीलाच कोविन अडखळलं. दिवसभरात एक कोटी तीस लाखांवर नोंदणी झाली हेही खरं, तेव्हा त्याला फार नावं ठेवत नाही. पण त्याच वर्षीचा दहावीचा निकाल माझा लाडका आहे. करोनामुळं परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के. १६ जुलैला दुपारी एक वाजता तो जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळं तासन् तास आडवी. म्हणजे त्या साली परीक्षा अशी एकट्या सर्व्हरनंच दिली, आणि नापासही तोच झाला. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२२मध्ये, ७,७५१ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीत ऑनलाइन अर्ज इतके अडकले की निवडणूक आयोगाला कागदावरचे अर्ज घ्यायची मुभा द्यावी लागली. सरपंच व्हायला निघालेला माणूस सर्व्हरला ‘बघून घेतो’ म्हणू शकत नाही, हा लोकशाहीतला एक बारीक दोष आहे.

तशी बीडकरांना वाट पाहायची सवय आहे. नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग २६१ किलोमीटरचा. मंजुरी १९९५ची. नगरहून आष्टीपर्यंत गाडी आली २०२२ साली, आणि बीडच्या स्टेशनात ती शिरली १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. आमच्या भाषेत प्रतिसादाचा वेळ तीस वर्षं. तरी टाइमआउट झाला नाही, कारण बीडकरांनी रिफ्रेश मारणं कधी सोडलं नाही. त्या दिवशी पुढचं परळीपर्यंतचं पान लोड व्हायचंच होतं.

असो. सुट्टी संपवून पुण्याला परतताना दाजींची वही मागून घेतली. दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाचचं बटण दाबलं.

मॉनिटरिंगवाल्यांनी त्या महिनाअखेरीचा आलेख काढून दाखवला. दुपारी बारा ते तीन रेघ खाली गेलेली. त्यांनी शेजारी टीप लिहिली होती : ‘जेवणाची वेळ. गर्दी कमी.’ मी वही उघडली. बारा ते तीन : गोल फिरतंय, गोल फिरतंय, बंद, गोल फिरतंय. गर्दी कमी नव्हती. गर्दी दारात चेंगरत होती आणि आत कुणी पोचत नव्हतं. जो मांडवात शिरलाच नाही त्याचं नाव आहेराच्या वहीत कसं येणार? उलट पहाटे चार ते सहा रेघ वर चढलेली, त्यावर टीप : ‘संशयास्पद हालचाल. बहुधा यंत्रमानव.’ ते यंत्रमानव म्हणजे घोंगडं पांघरून आलेली आमच्या तालुक्यातली माणसं. पहाटे सर्व्हर मोकळा असतो, हे तिकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

मग सुरू झालं खरं काम, जे आधीच व्हायला हवं होतं. ‘व्यवहार क्रमांक ७’चं आणि त्यांच्या दीड ओळीच्या पत्त्याचं एकच नाव ठेवलं, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा आकडा पाचव्या मजल्यावरच्या आकड्याशेजारी ठेवता यावा. बारशाच्या या बैठका किती झाल्या ते सांगत नाही. खऱ्या बारशालाही आत्याबाई इतकं भांडत नाहीत. त्यांच्या नोंदींतून काढलं की तासाला माणसं किती येतात, केव्हा येतात, कुठून माघारी जातात. लोकांच्या मोबाइलवर पान उघडायला खरोखर किती वेळ लागतो, ते मोजायची सोय केली. पाटोद्याच्या डोंगरात रेंज एक काडी, आणि आम्ही चाचणी करायचो ती सर्व्हरच्या मांडीवर बसून.

खोटी माणसं नव्यानं घडवली. आता ती उत्तराची वाट न पाहता येतच राहतात. तिसऱ्या सेकंदाला चिडतात, परत थाप मारतात. दहातली एक ओटीपी मागवून नाहीशी होते आणि दुपारी चारला उगवते. तिला आम्ही फाइलीत ‘आजी’ म्हणतो. फोटो जोडायचा तो भलामोठा, शिंगासकट.

मध्ये एक सूत्रही कामाला आलं. जॉन लिटल नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं १९६१ साली त्याची सिद्धता मांडली : तासाला जितके येतात, त्याला प्रत्येकाच्या थांबण्याच्या तासांनी गुणा, तेवढी माणसं कोणत्याही घडीला अडकलेली असतात. तासाला वीस जण, प्रत्येक जण तीन तास, तर साठ माणसं. मी हे दाजींना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, “साठ जोड. मी तर चपला बगून सांगतो. तीसच्या वर गेल्या की समजायचं, गोल फिरतंय.”

मी तो आकडा लिहून घेतला.

नव्या चाचणीत पाचशे माणसं पेलणारं आमचं पोर्टल एकशे चाळीसाव्या माणसाला आडवं झालं. मला इतका आनंद झाला की मी पेढे आणायचे बाकी ठेवले. साहेब मात्र चिंतेत.

“अहो, तुम्ही पास झालेलं पोर्टल नापास केलंत!”

“साहेब, तिकडं ते महिनाभर नापासच आहे.”

“पण अहवालात पास होतं ना?”

या प्रश्नाला अजून कुणी उत्तर शोधलेलं नाही, लिटलनंसुद्धा नाही. दुरुस्त्या मात्र झाल्या, आणि सगळ्या किरकोळ निघाल्या. फोटो पाठवायच्या आधी मोबाइलमध्येच बारीक होऊ लागला. डेटाबेसमध्ये एक शोधसूची टाकायची राहिली होती, ती टाकली. तोवर सर्व्हर प्रत्येक गट नंबरसाठी सगळं दप्तर पहिल्या पानापासून उलटत होता, एखाद्या नव्या कारकुनासारखा. दहा मिनिटांनी हाकलून देणं बंद केलं, भरलेला फॉर्म आता अर्ध्यावर जपून राहतो. आजींनी चारला यावं आणि पुढं भरावा.

पुढच्या महिनाअखेरीला मी सकाळपासून पाचव्या मजल्यावरच्या पडद्यासमोर होतो. आमची चाचणीतली रेघ आणि लाइव्हची रेघ, आता एकाच चौकटीत. दुपारी जेवायला तेवढा खाली तिसऱ्या मजल्यावर डब्यापाशी आलो आणि मोबाइलवर पाहिलं तर रेघ शांत. सगळं हिरवं. लगेच दाजींना फोन लावला.

“दाजी, चपला किती?”

“एक बी न्हाई.”

मी जागच्या जागी उडालो. डब्यातली भाजी सांडली. “बघा! म्हटलं होतं ना! सगळ्यांचे फॉर्म पटापट—”

“कशाचे फॉर्म, भाऊ? सकाळधरनं लाइट न्हाई. लोकं बसून बसून घरला गेली. म्हनली, आल्यावर येतो.”

“सगळे?”

“सगळेच की. आपलंच सेंटर न्हाई, ह्या लायनीवरचे धा गावचे सेंटर बसलेत.”

“आणि लाइट येणार कधी?”

“ते काय सांगून येती व्हय?”

मी फोन तसाच कानाला धरून पाचव्या मजल्याचा जिना चढायला लागलो.